वाळवंट

एम.ए.च्या वर्गात संतकाव्य शिकवताना 'वाळवंट' हा शब्द आला की थोडे थांबावे लागते. वारीच्या वाटेवर वाढलेल्या मुलांना पंढरपूरचे वाळवंट म्हणजे काय हे सांगण्याची गरज पडत नाही. चंद्रभागेच्या पात्रातील वाळूचा तो विस्तीर्ण पट्टा त्यांनी पाहिलेला असतो. आमच्याकडे मात्र सांगावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना नदी ठाऊक नाही असे नाही. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, इरई, प्राणहिता यांच्या काठांवरच ती वाढलेली असतात. पण त्यांच्या बोलीत नदीतली ती वस्तू 'रेती' असते, ती काढण्याची जागा 'रेतीघाट' असते, आणि 'वाळवंट' हा शब्द त्यांना भूगोलाच्या पुस्तकातून, उंटाच्या चित्रासह, भेटलेला असतो. परिणामी वैष्णवांचा मेळा थरच्या वाळवंटात का नाचतो, असा एक अबोल गोंधळ चेहऱ्यांवर दिसू लागतो.

काही वर्षांपूर्वी असाच हा शब्द समजावून देत असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या गावामागं पण वाळवंट हाये. पण तिथं नदी नाही." वर्ग हसला. तो हसला नाही. त्याला अभिप्रेत होता तो कोळशाच्या खुल्या खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर. कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला रचतात, त्याला खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' आणि गावाच्या भाषेत 'ओबी' म्हणतात. त्याच्या गावातली पोरे त्या ओबीलाच वाळवंट म्हणत. पुढे एका रविवारी त्याच्यासोबत आम्ही दोघे ते पाहण्यास गेलो. प्रस्तुत लेखनाचे निमित्त तेवढेच. परंतु त्या दिवसापासून 'वाळवंट' हा शब्द आम्हांस पूर्वीसारखा शिकवता आलेला नाही.

वर्धा नदीच्या खोऱ्यात, घुग्घुसपासून बल्लारपूर-राजुऱ्यापर्यंत, असे डोंगर जागोजागी दिसतात. लांबून ते टेकडीसारखे वाटतात, पण टेकडीची उतरण कधी इतकी सारखी नसते. माथा कापल्यासारखा सपाट, कडांना पावसाने पाडलेल्या खोल घळ्या, आणि सर्वत्र एक तांबूस-पिवळा रंग. कुठे कुठे लावलेली सुबाभळीची रोपे धरली आहेत, कुठे नाहीत. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर असताना त्या माथ्यावर उभे राहिले की पायाखालची रेती चपलेतून भाजते. घळ्यांच्या तळाशी पावसाने वाहून आणलेली रेती पंख्याच्या आकारात पसरलेली असते, आणि तिच्यावर वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लाटाही दिसतात. मुलांनी दिलेले नाव चुकीचे नाही, याची खात्री आम्हांस तेथेच पटली.

त्या ढिगाऱ्यात हाताला येणारा दगड म्हणजे वालुकाश्म. आमच्याकडे दगडाला 'गोटा' म्हणतात, आणि 'वालुकाश्म' या पुस्तकी शब्दापेक्षा 'रेतीचा गोटा' हे विद्यार्थ्याने सहज वापरलेले नाव आम्हांस अधिक नेमके वाटले. नखाने खरवडले तर दाणे सुटतात. हे दाणे बहुतांशी गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे. त्यांना एकत्र धरून ठेवले आहे ते मुख्यतः लोखंडाच्या गंजाने, आणि रंगही त्याचाच. नागपूरजवळच्या कामठीवरून या खडकाला 'कामठी' असे नाव भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकात दिले. त्याचे वय सुमारे पंचवीस कोटी वर्षे, थोडे मागेपुढे.

एक मोठा गोटा फुटून त्याची आडवी बाजू उघडी पडली होती. तिच्यावर तिरक्या रेषांचे थर होते. एक थर डावीकडे कललेला, त्यावर सपाट रेघ, वर पुन्हा कललेल्या रेषांचा दुसरा जुडगा. अशा तिरक्या थरांवरून ती रेती कोणी आणली आणि कोणत्या दिशेने आणली हे अभ्यासकांना सांगता येते. वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांतही असेच तिरके थर पडतात. अमेरिकेतील मॉन्युमेंट व्हॅलीचे जे तांबडे सुळके जुन्या काऊबॉय चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांचा वालुकाश्म हा असाच वाऱ्याने उडवून आणलेल्या रेतीचा, अस्सल वाळवंटी. आमचा गोटा तसा नाही. याच्यातले जुडगे लहान आहेत, दाणे लहानमोठे मिसळलेले आहेत, मधूनच गुळगुळीत गारगोट्यांची ओळ येते, आणि वारा गारगोट्या वाहून नेत नाही. ही रेती नद्यांनी आणलेली आहे. उथळ, रुंद, अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या, पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या आणि एरवी रेती उघडी टाकून आटणाऱ्या नद्या. आज वर्धा आणि प्राणहिता आग्नेयेकडे वाहतात. त्या काळच्या नद्या याच द्रोणीतून साधारण उलट दिशेने, वायव्येकडे वाहत होत्या, असे या तिरक्या थरांच्या मोजणीतून दिसून आले आहे.

म्हणजे ते चंद्रभागेच्या अर्थाचे वाळवंट होते. आणि काळ मात्र कोरडा होत चाललेला, त्यामुळे दुसऱ्या अर्थापासूनही ते फार दूर नव्हते. मराठीने या दोन गोष्टींना एकच शब्द का दिला असावा, यावर आम्ही वर्गात बराच वेळ घालवला आहे. इथे एका गोट्यात ते दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेले होते.

कोरड्या काळाचे प्रमाण म्हणजे त्या गोट्याचा तांबडा रंग. खाणीच्या कडेवरून खाली पाहिले (कुंपणाबाहेरून जेवढे दिसते तेवढे) की हे कुणाच्याही ध्यानात येते. वर पिवळे-तांबडे थर, त्यांच्याखाली करडे-पांढरे, आणि तळाशी कोळशाची काळी भिंत, कुठे कुठे पंधरा मीटरपेक्षाही जाड. रेती वर आणि खाली एकच असताना रंग का बदलला? खाली दलदल होती. झाडे मरत, पाण्यात पडत, हवेवाचून कुजत राहत. अशा जागी लोखंड गंजत नाही, खडक करडा राहतो आणि लाकडाचा कोळसा होतो. वर येता येता पाणी खोल गेले, जमिनीत हवा शिरली, पाचोळा साचण्याऐवजी नाहीसा होऊ लागला, आणि रेतीच्या कणाकणावर गंज चढला. भिंतीवरची जी पुसट सीमारेषा आपल्याला रंगबदल म्हणून दिसते, ती एका अरण्याच्या संपण्याची खूण आहे. पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत मोठा जीवसंहार सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी झाला, तो या तांबड्या थरांच्याच काळातला. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या ज्या झाडांचा हा कोळसा झाला, ती झाडेही त्यानंतर उरली नाहीत.

त्या अरण्याच्याही आधी येथे बर्फ होता. हे वाक्य आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला सांगतो, कारण तेव्हा त्याचा परिणाम चांगला होतो. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस पैनगंगेकाठी इरई नावाचे गाव आहे. तेथे १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना चुनखडीची एक फरसबंदी सापडली. ती घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर समांतर ओरखडे होते. दगडगोटे पोटात घेऊन सरकणारी हिमनदी तळाच्या खडकावर असे ओरखडे काढत जाते. उष्ण कटिबंधात हिमनदी, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पटणे कठीण होते. आज आपण जाणतो की सुमारे एकोणतीस-तीस कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका यांना जोडलेली होती. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉट यांच्या तुकडीने शेवटपर्यंत सोबत ओढून आणलेल्या सुमारे सोळा किलो दगडांत याच ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले. चंद्रपूरच्या कोळशातले पान ध्रुवाच्या वाटेवरच्या माणसांनी जीव जात असताना टाकून दिले नाही, ही घटना आम्हांस कोणत्याही महाकाव्यातल्या प्रसंगाइतकी मोठी वाटते.

आमच्या प्रदेशाला 'झाडीपट्टी' म्हणतात. नाव झाडांवरून, बोली 'झाडीबोली', रंगभूमी 'झाडीपट्टीची'. आमच्या वाङ्मयीन अस्मितेचे सारे शब्द झाडांवर उभे आहेत, आणि झाडे ज्यावर उभी आहेत त्याला आम्ही शब्द दिला नाही. वास्तविक माणसांनी या गोट्याशी फार जुने नाते जोडलेले आहे. भद्रावतीची विजासनची लेणी यातच कोरलेली. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची मंदिरे वालुकाश्माचीच. त्या मूर्तींची बोटे इतकी नाजूक काढता आली, आणि आज इतकी झिजली, त्याची दोन्ही कारणे दगडाच्या मऊपणात आहेत. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, त्याचे जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे, त्यांवरचे हत्तीला दाबणारे सिंह, सारे याच रेतीतून उठलेले. शहराच्या दक्षिणेला लालपेठच्या बाजूस उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्ती आहेत. रायप्पा नावाच्या धनिकाने मंदिरासाठी त्या घडवायला घेतल्या आणि मंदिर राहून गेले, असे सांगतात. दशमुखी दुर्गेच्या त्या मूर्तीला पावसाळ्यात शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात तिचे दाणे गळतात. तेथून कोळशाची खाण दूर नाही.

नाव दिले नाही, असे वर म्हटले. पण ते पूर्ण खरे नाही. नाव दिले गेले, आणि ते जगभर गेले. १८७० च्या दशकात मेडलिकॉट यांनी बर्फापासून तांबड्या रेतीपर्यंतच्या या साऱ्या थरांना एकत्रित नाव शोधले ते 'गोंडवना'. पुढे १८८५ मध्ये एडुआर्ड सुएस यांनी या थरांचे धागे दक्षिणेकडील इतर भूखंडांत ओळखले आणि एका लुप्त महाभूमीला 'गोंडवनालँड' म्हटले. गोंडांचे वन, म्हणजे वनातच भूमी आलेली, तिला पुन्हा 'लँड' जोडले. 'गोंडवनभूमी' हे मराठी रूपही तीच द्विरुक्ती करते. मराठी विश्वकोशाने 'गोंडवनी' हे विशेषण पत्करले, ते आम्हांस सर्वांत बरे वाटते. परंतु व्याकरणाचा मुद्दा गौण आहे. एका जमातीचे नाव पृथ्वीच्या नकाशावरील सर्वांत मोठ्या प्राचीन भूखंडांपैकी एकाला मिळाले. आणि त्या जमातीची मुले २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठातील पदवी घेऊन जातात, तरी हे नाव अंटार्क्टिकेपर्यंत पसरलेले आहे हे त्यांतील कित्येकांना कुणी सांगितलेले नसते. आम्हीही कित्येक वर्षे सांगितले नव्हते. तो आमच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही, असे उत्तर तयार होते.

ते उत्तर किती लंगडे आहे हे स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी वाचताना कळले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते हेच मिशनरी. त्यांनी कामठीच्या खडकांतून पानांचे ठसे गोळा केले. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील मांगली येथील तांबड्या वालुकाश्मातून निघालेली एका उभयचर प्राण्याची कवटी त्यांच्यामार्फत लंडनला पोहोचली आणि 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. सिरोंचाजवळच्या कोटा येथील चुनखडीतले मासे अभ्यासकांपुढे आणण्यातही त्यांचा वाटा होता. आणि याच माणसाने गोंडांची लिंगोची गाथा परधानांच्या तोंडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच खिशात दगड आणि गाणे. आमच्या विद्यापीठीय विभागण्यांत या माणसाला कुठे बसवावे, ठाऊक नाही.

त्या गाथेत महादेवाने गोंडांना एका गुहेत कोंडले आणि तोंडावर शिळा लावली, मग लिंगोने त्यांना सोडवले, अशी कथा आहे. गाथेतल्या एका जागेचे नाव काचिकोपा लोहागड. टेम्पल यांच्या पुस्तकात त्याचा अर्थ तांबड्या डोंगरांतील लोखंडाची दरी असा दिला आहे. आज गोंड समाज गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेला ती जागा मानतो आणि माघी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. काही अभ्यासक महादेव पर्वताच्या, म्हणजे पचमढीकडच्या, तांबड्या वालुकाश्माकडे बोट दाखवतात. जागा कोणतीही असो. तांबडा दगड आणि लोखंड यांचा संबंध ज्यांनी नावातच बांधून ठेवला, त्यांना भूविज्ञान परके नव्हते असे म्हणण्याचा मोह होतो. आमच्यापैकी एकाचे मत असे की हा मोहच आहे, तो आवरावा. मिथकाला विज्ञानाचे प्रमाणपत्र देण्याची घाई हा मिथकाचाच अवमान होय. दुसऱ्याला ते पूर्णतः मान्य नाही. हा वाद स्टाफरूममध्ये अजून चालू आहे.

आता पुन्हा त्या ढिगाऱ्याकडे. खाणीत प्रथम वरची काळी माती निघते, मग मुरूम, मग तांबडा गोटा, मग करडा, मग कोळसा. नियमाप्रमाणे वरची माती वेगळी साठवायची असते. ती जेथे साठवली गेली नाही तेथे ढिगाऱ्यात क्रम उलटतो. जे सर्वांत वर होते ते तळाशी जाते आणि जे सर्वांत खोल होते ते माथ्यावर येते. ज्या जमिनीवर कापूस आणि तूर पिकत होती ती आता सर्वांत खाली, आणि तिच्यावर अरण्य संपल्यानंतरच्या कोरड्या काळाची रेती. ती रेती पंचवीस कोटी वर्षे अंधारात होती. उन्हापावसात उघडी पडल्यावर तिचे दाणे पुन्हा सुटतात, वाहतात, वाऱ्यावर उडतात. एका जुन्या कोरड्या काळाचा खडक फोडून आपण त्याखालचे अरण्य जाळण्यासाठी काढतो, आणि तो कोरडा काळ जमिनीवर पसरवून ठेवतो. हे अलंकारिक विधान नाही. ओबी म्हणजे अक्षरशः हेच.

असे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, कारण हे लेखन ज्या विजेवर चालले आहे ती चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची नसेलच असे नाही. २,९२० मेगावॅटचे ते केंद्र याच कोळशावर उभे आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे वडील खाणीत नोकरीला आहेत, आणि ती नोकरी नसती तर ही मुले एम.ए.च्या वर्गापर्यंत येती ना. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. म्हणजे या भागाला कोळसा नवा नाही. विलापिका लिहिणे सोपे असते. विशेषतः मराठीच्या प्राध्यापकांना.

परंतु त्या रविवारी ज्याने आम्हांस तेथे नेले त्याचे गाव, म्हणजे ज्याला तो आता 'जुनं गाव' म्हणतो ते, खाणीत गेलेले होते. ढिगाऱ्याच्या माथ्यावरून त्याने खड्ड्यातली एक जागा दाखवली. तेथे हवा होती. त्या हवेत, आमच्या पायांच्या साधारण पातळीवर, कधी काळी एक चावडी, एक मारुती आणि त्याच्या आजीचे घर होते. तो त्या पोकळीकडे बोट करून गल्ल्या सांगत होता. मग खाली वाकून त्याने तिरक्या रेषांचा तो गोटा उचलला, आम्ही नुकताच समजावून दिलेला, आणि विचारले, "सर, हा गोटा आमच्या घराखालचा होय काजी?"

त्याला उत्तर हवे होते. कोणत्या डंपरने कोणती माती कुठे टाकली हे सांगणे अशक्य आहे, असे आमच्यापैकी एकाने म्हटले. ते खरे होते. दुसऱ्याने म्हटले, असू शकेल. तेही खरे होते. तो गोटा त्याने शर्टाला पुसला आणि पिशवीत टाकला. खालून वर येताना आम्ही दगड गोळा करत होतो तेव्हा मात्र त्याने एकही उचलला नव्हता. उतरताना आमच्या मागे रेतीचा एक लहानसा ओहोळ घसरत आला आणि घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरला.

यंदाच्या वर्गात 'वाळवंट' हा शब्द आला तेव्हा पंढरपूरचे छायाचित्र दाखवून झाल्यावर आम्ही मुलांना विचारले, तुमच्याकडे कुणाच्या गावामागे वाळवंट आहे का? अकरा हात वर झाले.